जमीन विकण्याआधी बाबांना विचारा

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. सात वर्षांपूर्वी बाबांना दम लागायला लागला. टू-डी इकोत हार्ट मोठं झालंय आणि पंपिंग ३० टक्के आहे असं निघालं. अँजिओग्राफी केली, ब्लॉकेज नव्हतं. गोळ्यांवर बरीच वर्षं चांगली गेली. मध्यंतरी आयसीडीही (ठोके बिघडले तर शॉक देणारं छोटं यंत्र) बसवलं. गेल्या वर्षभरात मात्र तीनदा ॲडमिट करावं लागलं. आता पंपिंग १८ टक्के आहे. बीपी ९० च्या वर जात नाही म्हणून दोन गोळ्या कमी केल्या. किडनीचं क्रिएटिनिन १.८ आहे. पाय सुजतात, जेवण दोन घास. पूर्वी रोज विहिरीत पोहणारा माणूस आता अंगणातून घरात येताना दोनदा थांबतो.

पुण्यातल्या डॉक्टरांनी मागच्या वेळी हृदयाला जोडायच्या एलव्हीएडी नावाच्या पंपाचा विषय काढला. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्यानं सगळं संशोधन वाचलं आणि सांगितलं, पाच वर्षं जगायची शक्यता ५८ टक्के आहे, विचार कसला करताय, बाग विका, निम्मे पैसे मी देतो. आई म्हणते, छातीत मशीन नको, आहे तसं चालू द्या. काकांनी टायटॅनियमच्या हृदयाचा व्हिडिओ पाठवला आणि म्हणाले, स्वस्त पंप भारतातच तयार होतोय, थोडं थांबा. बाबा काहीच बोलत नाहीत. मी मधल्या मध्ये सापडले आहे. काय करू?

एक मुलगी, जि. सांगली

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात भाऊ बोलतो, आई बोलते, काकाही बोलतात. पंप ज्यांच्या छातीत बसायचा ते बाबा तेवढे गप्प आहेत, आणि त्यांच्याजवळ बसून कोणी नीट विचारलंय असं पत्रावरून वाटत नाही. त्याकडे मी येतेच. त्याआधी एक गोष्ट तातडीची आहे.

पंपासाठी तपासणी करून घेणं आणि पंप बसवायचं ठरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या घरात ती एकात एक अडकली आहेत. तपासणीला गेलो म्हणजे ऑपरेशनला हो म्हटलं, असं आईंना वाटत असावं. तसं नसतं. तपासणीला याच आठवड्यात जा. निर्णयाला मात्र वेळ द्या, तो बाबांना घेऊ द्या.

तपासणीची घाई का, ते सांगते. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडलेल्या पेशंटला मोठ्या सेंटरकडे कधी पाठवायचं, याच्या काही खुणा डॉक्टरांनी ठरवलेल्या आहेत. वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा ॲडमिट व्हावं लागणं, पंपिंग २० टक्क्यांच्या खाली येणं, बीपी सतत कमी राहणं, किडनीवर ताण दिसणं, पाण्याच्या गोळीचा (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी) डोस वाढवत न्यावा लागणं. आणि एक खूण घरच्यांच्या हमखास नजरेतून सुटते: ज्या गोळ्यांनी इतकी वर्षं तारलं, त्याच गोळ्या आता शरीराला सोसेनाशा होणं. गोळ्या कमी केल्या म्हणजे तब्येत सुधारली असं घरी वाटतं. इथे अर्थ उलटा आहे. तुमच्या पत्रात यातल्या बहुतेक खुणा आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी विषय काढला तो योग्य वेळी काढला.

उशीर झाला तर काय होतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. पेशंट व्हेंटिलेटरवर गेलाय, लघवी बंद होत आलीय, अशा अवस्थेत पंप बसवला तर निकाल फार वाईट येतात. चालतं-बोलतं असताना बसवलेल्यांचे निकाल त्याहून कितीतरी चांगले असतात. आईंच्या ‘आहे तसं चालू द्या’ या म्हणण्यात हाच धोका आहे. या आजारात आहे तसं फार दिवस राहत नाही.

आता पंपाबद्दल. हृदयाचा डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त ढकलतो. बाबांचा तोच कप्पा ताणून सैल पडलाय. हा पंप त्या कप्प्याच्या टोकाला जोडतात. तो रक्त आत घेतो आणि एका नळीनं महाधमनीत सोडतो. हृदय काढत नाहीत, ते जागेवरच राहतं. सुरुवातीचे पंप हृदयासारखे ठोके देत चालायचे. ते आकारानं मोठे होते आणि त्यांचे भाग झिजायचे. आताचे पंप विहिरीवरच्या मोटारीसारखे सतत उपसत राहतात. भावानं सांगितलेला आकडा ज्या ‘हार्टमेट ३’ पंपाचा आहे, त्यातलं फिरणारं चाक चुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगतं, कशाला घासत नाही. मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं. घर्षण नाही म्हणून झीज नाही, आणि रक्त जाण्याच्या वाटा ऐसपैस ठेवल्या आहेत म्हणून रक्तपेशी कमी चिरडल्या जातात, गुठळ्या कमी होतात. दर दोन सेकंदांनी त्याचा वेग मुद्दाम कमी-जास्त होतो, त्यामुळे आत रक्त साचून राहत नाही.

या संशोधनानं खरोखर मोठा पल्ला गाठला आहे, आणि त्याचं मोल मला कमी करायचं नाही. २००१ साली ‘रीमॅच’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयरोपण करता येणार नाही असे शेवटच्या अवस्थेतले १२९ पेशंट त्यात होते. निम्म्यांना त्या काळचा पंप बसवला, निम्म्यांना फक्त औषधं दिली. एका वर्षानं पंपवाल्यांतले ५२ टक्के हयात होते, औषधांवरचे २५ टक्के. दोन वर्षांनी मात्र २३ टक्के आणि ८ टक्के. पंपाचा फायदा दिसला, पण तोही टिकेना. पुढे २००९ साली सतत उपसणाऱ्या ‘हार्टमेट २’ चे निकाल आले. मेंदूचा मोठा झटका न येता आणि पंप बदलावा न लागता दोन वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण जुन्या पंपापेक्षा कितीतरी वाढलं. मग ‘मोमेंटम ३’ हा अभ्यास झाला. अमेरिकेतल्या सेंटरांमधले १,०२८ पेशंट, अर्ध्यांना हार्टमेट २, अर्ध्यांना हार्टमेट ३. दोन वर्षांत पंप बदलावा लागण्याचं प्रमाण जुन्यात ११.३ टक्के होतं, नव्यात २.३ टक्के. मेंदूचा झटका जुन्यात १९.४ टक्के, नव्यात ९.९. आणि २०२२ साली याच पेशंटांचे पाच वर्षांचे आकडे आले: नव्या पंपावर ५८.४ टक्के हयात, जुन्यावर ४३.७.

तुमच्या भावाचा आकडा हाच. तो बरोबर आहे. पण तो बाबांना लागू करण्याआधी त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघा.

पहिली गोष्ट, हा अभ्यास नवा पंप आणि जुना पंप यांची तुलना करतो. पंप घ्यावा की न घ्यावा, हा त्याचा प्रश्नच नव्हता. पंप न घेतलेला कुणी त्यात नाही. पंप नसेल तर बाबांचं काय होईल याचं उत्तर त्यात शोधता येणार नाही, ते त्यांच्या तपासण्या बघून पुण्याचे डॉक्टरच सांगू शकतील. तसं त्यांना थेट विचारा: ‘पंप बसवला नाही तर पुढचं वर्ष कसं जाईल असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. तरी विचारा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या अभ्यासातली माणसं तपासणीच्या चाळणीतून पार पडलेली होती. हृदयाची उजवी बाजू फार थकलेली, किडन्या कायमच्या गेलेल्या, घरी सांभाळायला कुणी नाही, असे लोक आधीच वगळले जातात. ५८ टक्के हा त्या चाळणीतून उतरलेल्यांचा आकडा आहे. बाबा चाळणीतून उतरतात की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून तपासणीआधी त्या आकड्याच्या भरवशावर बाग विकायला काढणं मला चुकीचं वाटतं, आणि हे भावालाही माझ्या नावानं खुशाल सांगा.

तपासणीत सगळ्यांत बारकाईनं बघायची ती उजवी बाजू. हा पंप फक्त डाव्या बाजूला मदत करतो. डावीकडून रक्त जोरात पुढे गेलं की तेवढंच रक्त परत येऊन उजवीकडे आदळतं. उजव्या बाजूला ते पेललं नाही तर पंप उत्तम चालूनही पेशंट खंगत जातो. मोमेंटम ३ मध्येसुद्धा नव्या पंपावरच्या साधारण तीनांतल्या एकाला उजव्या बाजूचा त्रास झाला. तुम्ही लिहिलंय की पाय सुजतात, जेवण जात नाही. पोटात पाणी आणि लिव्हरवर सूज असेल तर भूक अशीच मरते, आणि ती उजव्या बाजूची तक्रार असू शकते. असेलच असं नाही. मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन आतले दाब मोजतात, तेव्हा ते कळतं. राइट हार्ट कॅथ म्हणतात त्याला. या तपासणीशिवाय कुणी पंपाची तारीख देत असेल तर तिथून उठून या.

याच नळीतून फुप्फुसांमधला दाबही कळतो, आणि त्यावर हृदयरोपणाचा प्रश्न अवलंबून असतो. रोपणाचा विषय तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून विचारते: कुणी बोललं का त्याबद्दल? ६१ हे वय आडवं येतंच असं नाही. महाराष्ट्रात मेंदूमृत दात्यांचे अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत दिले जातात. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ही केंद्रं आहेत. नाव नोंदवायचं ते रोपण करणाऱ्या मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फत. मनासारखं हृदय कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नाही, रक्तगट आणि शरीराचा बांधा दोन्ही जुळावं लागतं. पण ज्याला रोपण होऊ शकतं त्यानं यादीत नाव न घालता थेट पंपाकडे जाणं मला पटत नाही. काहींना फुप्फुसातला दाब वाढल्यामुळे रोपण नाकारलं जातं. पंपावर काही महिने काढल्यावर तो दाब उतरतो आणि मग रोपणाची दारं उघडतात. काही मोजक्यांचं हृदय पंपाच्या आधारानं इतकं सावरतं की पंप काढताही येतो. अमेरिकेत ४० निवडक पेशंटांवर असा एक अभ्यास झाला, पंपासोबत औषधंही नेटानं वाढवत नेली आणि बऱ्याच जणांचे पंप काढता आले. पण ते वयानं लहान आणि आजार नवा असलेले पेशंट होते. सात वर्षं ताणलेल्या हृदयाबद्दल ही आशा धरू नका.

आता ऑपरेशननंतरचं रोजचं जगणं. संशोधनाच्या तक्त्यांत हे सापडत नाही, आणि निर्णय खरा इथेच होतो.

पंपाची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते आणि कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली असते. कंट्रोलरला दोन बॅटऱ्या. जोडी नवी असताना पंधरा-सतरा तास चालते. रात्री झोपताना भिंतीतल्या विजेवर. हे कधीच सुटत नाही, आंघोळीतसुद्धा नाही. त्यासाठी वेगळी पिशवी मिळते आणि तीही जखम भरल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली की. पाण्यात उतरणं कायमचं बंद. विहीर, नदी, काहीच नाही. बाबांना हे कुणी सांगितलंय का? पोहणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला हवं, नंतर नाही.

वायर बाहेर येते तिथलं ड्रेसिंग हे घरातल्या एका माणसाचं काम होऊन बसतं. खोलीतला पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, दोघांनीही मास्क घालायचा. हात धुऊन जुनी पट्टी काढायची, पुन्हा हात धुऊन निर्जंतुक हातमोजे चढवायचे. जखमेभोवती औषध लावताना आतून बाहेर जायचं, परत आत यायचं नाही. लाली आहे का, पाणी येतंय का, दाबलं की दुखतंय का, हे बघायचं. मग वायर पोटावर अशी चिकटवायची की कशात अडकली तरी मुळाशी ओढ बसणार नाही. चार-पाच जणांत एकाला तरी तिथे संसर्ग होतो आणि तो आत पसरला तर जिवावर बेततं. आईंना हे जमेल का? त्यांची नजर कशी आहे, हात थरथरतात का, रात्री अलार्म वाजला तर ऐकू येईल का? तुम्ही तिथेच राहता की सासरी? मला पत्रावरून कळलं नाही, पण या प्रश्नाचं उत्तर क्रिएटिनिनच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. आई मशीनला नको म्हणतात त्याच्यामागे हीसुद्धा भीती असेल, की सगळं माझ्यावर पडणार. ती भीती रास्त आहे. तिला अडाणीपणा समजू नका.

रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर लागते. आयएनआर नावाची तपासणी वरचेवर करून डोस ठरवायचा. कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. सतत उपसणाऱ्या पंपामुळे रक्त गोठवणारं एक प्रथिन तुटत राहतं आणि आतड्यात नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात, त्यामुळे शौचातून रक्त जाणं ही नेहमीची अडचण आहे. साधारण चौघांत एकाला होते. यात एक चांगली बातमी आहे. पूर्वी या गोळीसोबत ॲस्पिरिनही द्यायचे. २०२३ साली ‘एरीज’ नावाच्या अभ्यासात हार्टमेट ३ वाल्यांना ॲस्पिरिनऐवजी नुसती खोटी गोळी दिली, तेव्हा गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशानं कमी झाला. एक साधी गोळी बंद करून एवढा फरक! असे अभ्यास मला नव्या मशीनइतकेच मोलाचे वाटतात.

आणि नाडी. सतत प्रवाह असल्यामुळे मनगटाला नाडी बहुधा लागत नाही, नेहमीच्या मशीनवर बीपी नीट येत नाही, डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज टिपणारं यंत्र) लावून मोजावं लागतं. चक्कर येऊन पडलेल्या अशा माणसाला गावातल्या दवाखान्यात नेलं आणि नाडी लागली नाही, तर कुणी ‘गेले’ म्हणून हात टेकेल. म्हणून पंप बसलेल्या माणसाच्या गळ्यात कार्ड हवं, घरच्या डॉक्टरांना, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला आणि १०८ च्या लोकांना आधी सांगून ठेवलेलं हवं. एमआरआय करता येत नाही, हेही त्या कार्डावर असावं.

विजेचं तर बोलायलाच नको, तुमच्या भागात ती कशी जाते ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. चांगला इन्व्हर्टर, चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या आणि वीज परत येईपर्यंत जाता येईल असं जवळचं एक घर, एवढं तयार नसेल तर पंप बसवून घरी यायचं नाही. सेंटरपासून घर चार-पाच तासांवर आहे. पहिले काही महिने पुण्यात खोली घेऊन राहावं लागेल, हे खर्चात धरा.

खर्चाकडे येते. पंप परदेशातून येतो. पंप, ऑपरेशन, आयसीयू मिळून आकडा कोटीच्या घरात जातो. हॉस्पिटलकडून लेखी अंदाज मागा आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या: आयसीयूत ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहावं लागलं तर काय, पहिल्या वर्षातल्या पुन्हा ॲडमिशनचं काय, आणि बॅटऱ्या, ड्रेसिंगचं सामान, तपासण्या यांचा दर वर्षाचा खर्च किती. पंप बसलेल्यांतल्या बहुतेकांना नंतर कधी ना कधी पुन्हा ॲडमिट व्हावं लागतंच. भाऊ निम्मे देतो म्हणतो, ते चांगलं आहे. पण ऑपरेशनचे निम्मे की पुढच्या दर वर्षाचेही निम्मे, हे आत्ताच मोकळेपणानं बोला. विम्याची पॉलिसी असेल तर किती रक्कम मंजूर होईल ते कंपनीकडून लेखी घ्या. हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन ट्रस्टच्या मदतीचं आणि मुख्यमंत्री सहायता निधीचं विचारा. जमीन ही शेवटची गोष्ट, आणि ती बाबांची आहे.

सेंटर निवडताना विचारायचं एकच सांगते, बाकी तुम्ही विचारालच: ‘तुम्ही बसवलेल्या पंपांपैकी किती पेशंट एक वर्षानंतर घरी आहेत, आणि त्यातल्या एखाद्या कुटुंबाशी आम्हाला बोलायला मिळेल का?’ चांगली टीम या प्रश्नावर चिडत नाही, उलट फोन लावून देते. पंप कोणता बसवणार तेही विचारा. ‘एचव्हीएडी’ नावाचा दुसरा एक पंप जगभर वापरात होता. मेंदूचे झटके जास्त येतात आणि बंद पडल्यावर तो पुन्हा सुरू होत नाही, असं दिसल्यावर कंपनीनंच २०२१ च्या जूनमध्ये त्याची विक्री थांबवली.

काकांच्या व्हिडिओबद्दल थोडक्यात. टायटॅनियमचं ते हृदय ‘बायव्हॅकोर’. २०२४ च्या जुलैत ह्यूस्टनला ते पहिल्यांदा माणसात बसवलं, आणि ऑस्ट्रेलियातला एक पेशंट त्यावर शंभराहून जास्त दिवस राहिला, मग त्याला दात्याचं हृदय मिळालं. सध्या ते रोपण होईपर्यंतच्या काळापुरतं, मोजक्या पेशंटांमध्ये, चाचणी म्हणून वापरलं जातंय. भारतात स्वस्त पंप तयार करायचा आयआयटी कानपूरचा ‘हृदयंत्र’ प्रकल्प आहे आणि तो यशस्वी व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण कोटीचा पंप आपल्या देशात मूठभरांनाच परवडतो. पण प्रयोगशाळेतून माणसापर्यंत यायला अशा यंत्राला वर्षानुवर्षं लागतात, आणि बाबांच्या हातात तेवढा वेळ दिसत नाही. त्यासाठी थांबू नका.

आता बाबांकडे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक वेगळाच अभ्यास केला, ‘डिसाइड-एलव्हीएडी’. २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहा सेंटरमधले २४८ पेशंट आणि त्यांचे सांभाळणारे नातेवाईक. काहींना नेहमीसारखी माहिती दिली. काहींना पंपाचे फायदे, त्रास, घरच्यांवर पडणारा भार आणि पंप न घेण्याचा पर्याय, हे सगळं समतोलपणे सांगणारी पुस्तिका आणि व्हिडिओ दिला. नेहमीसारखी माहिती मिळालेल्यांतल्या ७९.९ टक्के लोकांनी सहा महिन्यांत पंप बसवून घेतला. सगळी बाजू कळलेल्यांत हे प्रमाण ५३.९ टक्के होतं. पंप वाईट आहे असा याचा अर्थ नाही. याच लोकांना आपला आजार जास्त नीट समजला होता, आणि त्यांनी जो निर्णय घेतला तो त्यांना जे हवं होतं त्याच्याशी जास्त जुळणारा होता. याच डॉक्टरांचं आधीपासूनचं निरीक्षण असं, की काही माणसं मरणाच्या भीतीनं विचार न करता हो म्हणतात आणि काही सगळं तोलून ठरवतात. दोन्ही माणसंच आहेत. पण तोलायची संधी तरी मिळायला हवी ना?

बाबांना ती द्या. सगळे जमलेले असताना नको, भाऊ व्हिडिओ कॉलवर असताना तर नकोच. सकाळी पाण्याची गोळी घेऊन लघवीला जाऊन आले की त्यांना जरा हलकं वाटत असेल, तेव्हा बसा त्यांच्याजवळ. ‘पंप बसवायचा का?’ असं विचारू नका. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल, आणि तुमच्या बाबांसारखी माणसं ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणून मोकळी होतात. असं विचारा: ‘बाबा, सध्या सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?’ ‘काय करता येत नाही म्हणून जीव तुटतो?’ ‘ते परत करता यावं म्हणून किती सोसायची तयारी आहे?’ ‘कशाची भीती वाटते?’ आणि मग थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. मध्ये बोलू नका.

बाबा म्हणतील, मला बागेत एक चक्कर मारता आली पाहिजे, नातवंडांसोबत बसता आलं पाहिजे, वायर-बॅटरी सांभाळेन मी. मग पंप त्यांच्यासाठी योग्य असू शकतो, कारण तपासणीतून उतरलेल्या बहुतेकांचं चालणं आणि धाप यात खरोखर मोठी सुधारणा होते. किंवा म्हणतील, मला पुन्हा आयसीयूत जायचं नाही, बाग मुलांना राहू द्या, घरी शांतपणे जाऊ द्या. तेही पूर्ण उत्तर आहे. ते ऐकून रडू आलं तर येऊ द्या, पण त्यांचं मन वळवायला धावू नका. बाग विकून बसवलेला पंप आणि नंतर रोज डोळ्यांसमोर दिसणारी दुसऱ्याची बाग, हे ओझं कुणाच्या छातीवर येणार आहे याचा विचार भावानं केलेला नाही. आणि असंही होऊ शकतं की बाबा स्वतःच म्हणतील, बाग विका, मला जगायचंय. तर मग विका, आणि नंतर कुणी त्यावरून बोल लावू नका.

बाबा नको म्हणाले तर ‘आता काही करता येत नाही’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे धाप, सूज, झोप, भीती यांवर इलाज करणारी वेगळी टीम असते. हार्ट फेल्युअरच्या १५० पेशंटांवरच्या एका अभ्यासात, नेहमीच्या उपचारांसोबत ही टीम दिली तेव्हा पेशंटचं जगणं आणि मनाची स्थिती दोन्ही सुधारली. पुण्यात-मुंबईत असे डॉक्टर आहेत, पुण्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. अमेरिकेत सरकारी विम्याखाली पंप बसवणाऱ्या टीममध्येही पॅलिएटिव्ह केअरचा माणूस असणं सक्तीचं आहे, म्हणजे पंप घेतला तरी ही मदत लागतेच. बाबा हो म्हणाले तरी ऑपरेशनआधी एक बोलणं करून घ्या: मेंदूचा मोठा झटका आला, शुद्ध परत येणार नाही असं झालं, तर पंप बंद करायचं कुणी आणि कधी ठरवायचं. आयसीडीच्या शॉकचंही तसंच, शेवटच्या दिवसांत तो बंद करता येतो आणि करावा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. बाबांच्या सहीनं, साक्षीदारांसमोर ते करून ठेवता येतं.

पुण्याची वेळ मिळेपर्यंत रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी बाबांचं वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करा. दुखतंय म्हणून मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर आणून देऊ नका, या किडनीला ती सोसणार नाही. लोणचं, पापड ताटातून काढा. आणि रात्री आडवं झाल्यावर धाप लागून ते उठून बसायला लागले, हातपाय गार पडले, बोलण्यात गोंधळ दिसला, लघवी अगदी कमी झाली किंवा आयसीडीनं झटका दिला, तर पुण्याच्या तारखेची वाट न बघता त्याच रात्री सांगलीला हलवा. सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत घालून दाराशी ठेवा, म्हणजे तेव्हा शोधाशोध होणार नाही.